के. भागवत, के. सोहोनी

कमला सोहोनींची गोष्ट मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली हुशार मुलगी १९३३मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, अर्ज करते. संचालक सर सी. व्ही. रामन मुलगी म्हणून तिला नाकारतात. ती बंगळूर गाठते, त्यांच्या दाराशी सत्याग्रह करते आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवते. पुढे केंब्रिज, चौदा महिन्यांत पीएच.डी., प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि शोध कसला, तर वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असते याचा. सांगणाराही रंगतो, ऐकणाराही.

गोष्ट खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. पण ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे पाहायला हवे. रामन यांच्या नकाराचा मुख्य आधार खुद्द कमलाबाईंचे सांगणे हाच आहे. १९९७मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या कार्यक्रमात त्या या विषयावर मोकळेपणाने बोलल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण मनाने संकुचित होते आणि तो अपमान आपण विसरू शकत नाही, अशा आशयाचे ते बोलणे होते. त्यानंतर वसुमती धुरू यांच्या लेखातून ही हकिगत ‘लीलावतीज् डॉटर्स’ या २००८च्या संग्रहात गेली आणि तिथून सगळीकडे. (हा संग्रह काढला बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने. अकॅडमीची स्थापना १९३४ची, आणि संस्थापक साक्षात रामन. इतिहासाला असे मधूनच हसू येते.)

घटना आणि कथन यांच्यात चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. जिव्हारी लागलेले माणूस विसरत नाही, हे खरे. पण इतक्या वर्षांत आठवण हाताळून हाताळून गुळगुळीत होते, तिची टोके झिजतात आणि संवाद चपखल बसू लागतात. म्हणून ती जरा बाजूला ठेवू आणि ज्यांच्यावर छापल्याचे साल आहे असे पाच कागद घेऊ: १९३५, १९३८, १९३९, १९५१ आणि १९५५चे. पाचही शोधनिबंध आहेत. त्यांत सत्याग्रह नाही, अश्रू नाहीत. डाळी आहेत, वनस्पतींचा श्वास आहे, वाल आहेत.

त्याआधी घराविषयी दोन शब्द. घराणे भागवतांचे, जन्म इंदूरचा. वर्ष कुठे १९११ छापलेले सापडते, कुठे १९१२. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या त्याच टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. म्हणजे १९३३चा अर्ज ही कुठल्या परक्या मुलीची आगंतुक धडक नव्हती; वडील-काकांनी ओलांडलेला उंबरठा ती मागत होती. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. या एका वाक्यावर मराठी वाचक थांबतो हे मला माहीत आहे, पण इथे दुर्गाबाईंचा मोह आवरायला हवा.

पहिला कागद १९३५चा. इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’च्या २९व्या खंडात ९०९व्या पानावर तो सुरू होतो आणि पाच पानांत संपतो. लेखक कमला भागवत आणि एम. श्रीनिवासय्या, विषय डाळींतला प्रथिनेतर नायट्रोजन. विषय रुक्ष वाटतो, पण तो थेट आपल्या ताटातला आहे. डाळीत प्रथिन किती, हे काढण्याची रूढ रीत अशी, की पदार्थातला सगळा नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ने गुणायचे. हिशेब सोपा आहे, फक्त त्यात एक गृहीत लपलेले आहे: सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच. प्रत्यक्षात त्यातला काही भाग सुट्या अमिनो आम्लांत आणि इतर लहान रेणूंत असतो. तो वेगळा काढला नाही, तर वरणातले प्रथिन कागदावर फुगते. ज्या देशात बहुसंख्यांच्या जेवणात डाळ हा प्रथिनाचा महत्त्वाचा आधार आहे, तिथे हा फुगवटा हिशेबातून काढणे हे फावल्या वेळचे काम नव्हते.

हा कागद गोष्टीची एक बाजू पक्की करतो. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक होते असे आठवणी सांगतात आणि छापील पान तेच सांगते. शिवाय आधी नाव विद्यार्थिनीचे आहे, मग मार्गदर्शकाचे. आठवणींप्रमाणे पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थी म्हणून धरले जाणार नव्हते आणि मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागणार होते. अशा प्रवेशानंतर दोन वर्षांच्या आत तिचे नाव परदेशातल्या एका मान्यवर नियतकालिकात सहलेखकाच्या आधी छापून आले. एम.एस्सी. मिळाली १९३६मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर.

एक गोष्ट मात्र कागदाला मान्य होत नाही. कमला भागवत या इन्स्टिट्यूटच्या पहिल्या विद्यार्थिनी, असे सर्रास लिहिले जाते. संस्थेच्या जुन्या नोंदींत १९२०च्या दशकातच रसायनशास्त्राकडे विद्यार्थिनींची नावे दिसतात. याने रामन यांचा नकार सौम्य होत नाही, उलट तो जास्त खटकतो. संस्थेत बाईमाणूस कधी आलेच नव्हते, अशी सबब तरी सांगता आली असती. तीही उरत नाही. ‘भारतातली विज्ञानातली पहिली स्त्री पीएच.डी.’ या बिरुदाचेही तसेच. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१मध्येच मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली होती. आपल्याकडे माणूस मोठे ठरवायचे तर आधी ‘पहिला’ ठरवावा लागतो, त्याला काय करणार.

१९३७च्या अखेरीस कमला भागवत केंब्रिजला आल्या. कॉलेज न्यूनम, आणि प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागाची. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९चे नोबेल मिळालेले हॉपकिन्स ते हेच. विभागात जागा नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा तुम्ही वापरा, मी रात्री काम करीन, असे सुचवले, अशी आठवण आहे. फार गोड आहे म्हणून ती संशयास्पद वाटते. पण दुसरा कागद तिच्या बाजूने उभा राहतो: ‘बायोकेमिकल जर्नल’, १९३८, खंड ३२, पान १३९७. लेखक भागवत आणि रिश्टर, विषय प्राण्यांमधील फिनोलेज आणि अ‍ॅड्रेनॅलिन. टेबलाच्या वाटणीला पुरावा नाही, पण दोघांनी एकत्र काम केले इतके तरी हे पान सिद्ध करते. केंब्रिजला येऊन वर्ष व्हायच्या आत जोडनावाने निबंध छापून आलेला होता.

फिनोलेज हा शब्द लक्षात ठेवावा. पुढच्या कामाची किल्ली त्यात आहे असे मला वाटते.

बटाटा चिरून ताटलीत ठेवला आणि फोडणीच्या नादात विसरला, की पांढऱ्या कापावर आधी तांबूस झाक येते, मग ती तपकिरी होते आणि काळपटाकडे जाते. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. बटाट्याच्या पेशीत फिनोल वर्गातली द्रव्ये एकीकडे असतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण करणारे विकर, म्हणजे फिनोलेज, दुसरीकडे. सुरीने पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग चढतो. साहजिकच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेकांना वाटले की वनस्पतींचा श्वास तो हाच. रशियन शरीरक्रियातज्ज्ञ पॅलाडिन यांनी रंग धरणाऱ्या अशा द्रव्यांवर श्वसनाची सबंध उपपत्ती उभी केली. हॉपकिन्स यांच्याच विभागात म्युरियल ऑन्स्लो या विदुषीने वनस्पतींतल्या ऑक्सिडेजांवर वर्षानुवर्षे काम केले. केंब्रिज विद्यापीठात व्याख्यात्याची जागा मिळालेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १९३२मध्ये त्या गेल्या. कमला भागवत आल्या तेव्हा त्या विभागात बटाट्याचा काळा पडणारा काप हा जुना, घरचा प्रश्न होता.

प्रश्न असा: प्राण्यांत श्वसनाची शेवटची पायरी कोणती, ते तोवर बरेच कळले होते. वनस्पतींत ती तीच आहे, की त्यांचा मार्ग वेगळा?

इथे केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांचे नाव घ्यावे लागते, आणि प्रचलित गोष्टीतले सर्वांत लाडके वाक्यही इथेच दुरुस्त करावे लागते. कीलिन यांनी १९२५मध्ये सायटोक्रोमवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्याच्या शीर्षकातच ते म्हणतात, की हे श्वसनाचे रंगद्रव्य प्राणी, किण्व आणि उच्च वनस्पती या सर्वांत आढळते. म्हणजे वनस्पतींत सायटोक्रोम असते हे कमला भागवत केंब्रिजला येण्यापूर्वी बारा वर्षे जाहीर होते. ‘वनस्पतींत सायटोक्रोम सी शोधले’ हे वाक्य त्यामुळे जसेच्या तसे टिकत नाही.

मग त्यांनी काय केले? तिसरा कागद ते नेमके सांगतो. १९३९च्या पूर्वार्धात ‘नेचर’च्या १४३व्या खंडात ७२६व्या पानावर आर. हिल आणि के. भागवत यांचे टिपण आहे. शीर्षकात नुसते सायटोक्रोम नाही, सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे, आणि तेही सपुष्प वनस्पतींतले.

या दोन शब्दांतला फरक गावातल्या आगीवरून सांगता येईल. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग लावतात आणि बादल्या हातोहात पुढे जातात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत असेच पुढे सरकतात आणि सायटोक्रोम सी हा रांगेतला एक गडी. पण रांगेत माणूस उभा दिसला म्हणून पाणी आगीवर पडले असे होत नाही. शेवटचा एक जण हवा, जो बादली प्रत्यक्ष ओततो. पेशीत हे काम सायटोक्रोम ऑक्सिडेज करते: इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते आणि त्यातून पाणी तयार होते. आपले शरीर वापरते तो बहुतेक ऑक्सिजन शेवटी याच ठिकाणी खर्च होतो. कीलिन यांनी वनस्पतींत रांगेतला गडी दाखवला होता. बादली कोण ओततो, सायटोक्रोम ऑक्सिडेज की फिनोलेज, हा वाद शिल्लक होता. भागवत आणि हिल यांचे काम या जागी बसते. ते दंतकथेपेक्षा अरुंद आहे आणि जास्त मजबूत आहे.

काम अवघड का, तेही पाहण्यासारखे आहे. हिरवे पान घेतले तर हरितद्रव्याच्या रंगात बाकी सगळे बुडते, वर्णपटदर्शकातून सायटोक्रोमचे फिकट पट्टे दिसतच नाहीत. बटाट्यासारखा जमिनीखालचा बिनहिरवा भाग घ्यावा, तर तिथे फिनोलेज मुबलक, आणि कुस्करलेला लगदा ऑक्सिजन शोषू लागला तर तो कोणी शोषला, हे कळायला मार्ग नाही. सायनाइड दोघांनाही अडवते, त्यामुळे त्याचा उपयोग मर्यादित. त्या काळची खरी ओळखपरेड कार्बन मोनॉक्साइडची होती. हा वायू दोन्ही विकरांना रोखतो, पण सायटोक्रोम ऑक्सिडेजवर प्रखर उजेड टाकला की अडसर सुटतो, कारण तिथे वायू लोहाला धरून बसलेला असतो. फिनोलेज हे तांब्याचे विकर; बटाट्याच्या बाबतीत ते १९३७मध्येच दाखवले गेले होते. त्याच्यावर उजेडाचा असा परिणाम होत नाही. अंधारात थांबणारा आणि उजेडात पुन्हा चालू होणारा श्वास दिसला, की ओळख पटली.

१९३८मध्ये ज्या बाईने फिनोलेजवर निबंध लिहिला, तिला १९३९मध्ये वनस्पतींच्या लगद्यातला हा घुसखोर ओळखायला वेगळे शिकावे लागले नसणार. हा माझा तर्क आहे. दोन निबंधांच्या तारखा आणि विषय शेजारी ठेवले की तो आपसूक सुचतो. रिश्टर यांच्याकडून हिल यांच्याकडे जाणे म्हणजे टेबल बदलणे, प्राण्यांकडून वनस्पतींकडे जाणे. पण हातातले हत्यार तेच.

रॉबिन हिल हा माणूसही मासलेवाईक. नुकतेच, १९३७मध्ये, त्यांनी दाखवले होते की पानातून सुटे काढलेले हरितकण योग्य द्रव्याच्या सोबतीत उजेडात ऑक्सिजन सोडतात. पाठ्यपुस्तकात आज ती ‘हिल अभिक्रिया’ आहे. मंजिष्ठेसारख्या रंग देणाऱ्या वनस्पती ते स्वतः वाढवत आणि त्यांच्या रंगांनी चित्रे काढत. त्यांच्या कामात वनस्पती ऑक्सिजन सोडत होती आणि त्यांच्या या विद्यार्थिनीच्या कामात ती तोच ऑक्सिजन वापरत होती.

चौदा महिन्यांचे काय? १९३७च्या अखेरीपासून मोजले तर चौदा महिने १९३९च्या सुरुवातीला भरतात, आणि ‘नेचर’मधले टिपण १९३९च्या पूर्वार्धातलेच. हिशेब जुळतो. आठवणीने इथे फसवलेले नाही.

पदवीबद्दल मात्र एक बारीक अक्षरातली गोष्ट राहते आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. केंब्रिजने १९२१पासून स्त्रियांना पदवीची उपाधी तेवढी द्यायला सुरुवात केली होती. पदवीबरोबर पुरुषाला मिळणारे विद्यापीठाचे सदस्यत्व आणि कारभारात मत देण्याचा हक्क स्त्रीला नव्हता. तो मिळाला १९४८मध्ये. म्हणजे १९३९ची डॉ. कमला भागवत ही त्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे उपाधीपुरती डॉक्टर. बंगळूरचा नकार आपण रामन यांच्या नावावर मांडून मोकळे होतो. केंब्रिजचा नकार कुणा एकाच्या तोंडून आला नाही, तो नियमावलीत होता, म्हणून त्याची गोष्ट झाली नाही.

पुढची दहा वर्षे भराभर सांगता येतात. १९३९मध्ये परत; दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाची प्रमुख; मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न, आणि मुंबई. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायन विभाग नव्याने उभा राहत होता, त्यात प्राध्यापक, आणि पुढे काही वर्षांनी त्या संस्थेच्या संचालक.

चौथा कागद याच मुंबईच्या दिवसांतला, पण त्याची मुळे केंब्रिजमधली: ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’, खंड ५०, १९५१, पाने ११२ ते १२०, विषय उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज. बारा वर्षांपूर्वीच्या टिपणाचा हा सविस्तर निबंध. मधे महायुद्ध होऊन गेले आणि दोन लेखकांमध्ये सात समुद्र होते. १९३९मध्ये लेखकांचा क्रम होता हिल आणि भागवत. इथे तो आहे भागवत आणि हिल. १९३९चा क्रम वर्णानुक्रमाचा नाही, तेव्हा तो विचार करून लावलेला. १९५१चा वर्णानुक्रमाला धरून आहे, पण कामाचा मोठा वाटा कोणाचा, या हिशेबालाही तो धरून असावा असे मला वाटते. १९५०च्या दशकात वनस्पती-श्वसनावर लिहिणारे ‘भागवत आणि हिल, १९५१’ असाच दाखला देतात.

पाचव्या कागदात आपण पुन्हा स्वयंपाकघरात येतो. ‘नेचर’, १९५५, खंड १७५, पान ५०८: सोहोनी आणि आंबे. विषय वाल आणि डबल बीन यांतून स्फटिकरूपात मिळवलेली, ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. कच्च्या कडधान्यात त्याला अडवणारी प्रथिने असतात, म्हणून खाल्लेले प्रथिन पुरते अंगी लागत नाही. नीट शिजवले की हा अडथळा बराचसा जातो. कोकणात आणि मुंबईत वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून मगच बिरडे करतात. डाळिंब्या सोलताना बोटांची साले निघतात, पण पायरी कोणी गाळत नाही. मुंबईतल्या प्रयोगशाळेत हाच वाल टेबलावर आला, हा योगायोग मानायला मी तयार नाही. १९३५ला डाळीतले खोटे प्रथिन हिशेबातून काढणारी बाई वीस वर्षांनी डाळीतले खरे प्रथिन पोटात का पचत नाही, ते पाहत होती. नीरेवरचे त्यांचे काम जास्त गाजले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ते सुचवले आणि त्याला राष्ट्रपती पारितोषिकही मिळाले. १९६६मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्या मुंबईतल्या नऊ स्त्रियांत त्या होत्या, आणि अन्नातली भेसळ कशी ओळखायची, हे गृहिणींना शिकवत होत्या. पण माझे लक्ष वालाकडे जाते.

आणि नावाकडे. १९४७मध्ये त्या सोहोनी झाल्या होत्या. तरी १९५१चा निबंध निघाला तो के. भागवत या नावाने, कारण ते काम भागवतांचे होते. चारच वर्षांनी वालावरच्या निबंधावर के. सोहोनी आले. नावांच्या जुन्या सूच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात. बटाट्याच्या श्वासाचा माग काढणारा ‘बी’पाशी थांबतो आणि वालाचा माग काढणारा ‘एस’पाशी. ही दोन माणसे नाहीत, हे ती सूची त्याला सांगत नाही.